बर्नआउट आणि समानुभूती मोजणाऱ्या प्रश्नावल्या : फार्मसी महाविद्यालयांनी काय घ्यावे?

फार्म. डी. म्हणजे डॉक्टर ऑफ फार्मसी; या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षांतील विद्यार्थी प्रकल्पासाठी विषय शोधू लागले की ‘फार्मसीच्या विद्यार्थ्यांमधील बर्नआउट आणि समानुभूती’ हा विषय अलीकडे बऱ्याचदा पुढे येतो. बर्नआउट म्हणजे कामाच्या ताणाने माणूस आतून थकून विझत जाणे, आणि समानुभूती म्हणजे समोरच्याचा अनुभव समजून घेणे. विषय चांगलाच आहे. तो निवडणाऱ्यांपैकी पुष्कळजण स्वतःच पुरते दमलेले असतात, त्यामुळे तो त्यांना समजावून सांगावा लागत नाही. मात्र विषय ठरला की हे मोजायचे कशाने, असा प्रश्न येतो, आणि मग मॅस्लॅक बर्नआउट इन्व्हेंटरी व जेफरसन स्केल ऑफ एम्पथी ही दोन नावे समोर येतात. ही दोन्ही परवाना घेऊन वापरायची उत्पादने आहेत, त्यांचे वेगवेगळ्या गटांसाठी वेगवेगळे नमुने, म्हणजे विधानांचे संच आहेत, आणि नमुना चुकला तर पैशाबरोबर निष्कर्षही वाया जातात. फार्मसी प्रॅक्टिस शिकवताना आणि अशा प्रकल्पांना मार्गदर्शन करताना या प्रश्नावल्या मी जवळून पाहिल्या आहेत. त्या उत्तम बनवलेल्या आहेत याबद्दल मला शंका नाही. आपल्याकडे त्या ज्या कामासाठी घेतल्या जातात, त्याबद्दल मात्र आहे.

ज्याच्यावर हे साधन वापरायचे तो प्रशिक्षणार्थी नेमका कोण, हे आधी पाहिले पाहिजे. डी. फार्म.चा विद्यार्थी दोन वर्षांचा अभ्यासक्रम झाल्यावर किमान तीन महिन्यांच्या काळात ५०० तासांचे प्रशिक्षण घेतो, आणि त्यातले किमान २५० तास डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधे प्रत्यक्ष देण्यात जावेत अशी अपेक्षा असते. हे तास बहुधा एखाद्या मेडिकलच्या काउंटरमागे भरले जातात. तिथे संध्याकाळी सात वाजता एकाला अर्धीच स्ट्रिप हवी असते, दुसऱ्याला त्याच औषधाची स्वस्तातली कंपनी हवी असते, तिसऱ्या आजींना गोळीचे नाव आठवत नसते पण रंग आठवत असतो, आणि मागे उभ्या असलेल्या माणसाची गाडी रस्त्यात आडवी लावलेली असते. अशा वेळी इनहेलर कसा ओढायचा हे नीट करून दाखवायला जी तीन-चार मिनिटे लागतात, ती रांगेतून काढावी लागतात. रुग्णाला औषधाची माहिती देणे हे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनुसार फार्मासिस्टचे कर्तव्य आहे. परंतु काउंटरवर त्या कर्तव्यासाठी वेगळा वेळ कोणी राखून ठेवलेला नसतो.

फार्म. डी.चे चित्र निराळे आहे. २००८ च्या नियमावलीने भारतात सुरू झालेल्या या सहा वर्षांच्या अभ्यासक्रमाचे शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे असते. त्यात सहा महिने जनरल मेडिसिन विभागात आणि उरलेले सहा महिने अन्य तीन विभागांत प्रत्येकी दोन महिने याप्रमाणे घालवायचे असतात. सकाळच्या राऊंडला निवासी डॉक्टरांच्या मागे उभे राहायचे, केस शीट उतरवून घ्यायची, औषधांच्या आंतरक्रिया तपासायच्या, दुष्परिणाम दिसला तर एडीआर फॉर्म भरायचा, घरी जाणाऱ्या रुग्णाला गोळ्यांच्या वेळा समजावून सांगायच्या आणि रात्री लॉगबुक पूर्ण करायचे, असा दिवस असतो. नातेवाईक त्याला डॉक्टर समजतात, निवासी डॉक्टर त्याला अजून विद्यार्थीच समजतात, आणि त्याने डोस कमी करण्याविषयी सुचवलेली गोष्ट ऐकली जाईल की नाही हे समोरच्याच्या त्या दिवसाच्या मनःस्थितीवर अवलंबून असते. हे शेवटचे कामाच्या तासांइतकेच, किंबहुना त्याहून अधिक थकवणारे आहे, असे माझे मत आहे.

आता मॅस्लॅक इन्व्हेंटरीकडे वळू. बर्नआउट ही संज्ञा हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये मांडली ती न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांकडे पाहून. म्हणजे ही कल्पना मुळातच विनामोबदला रुग्णसेवा करणाऱ्या, उत्साहाने आलेल्या आणि हळूहळू विझत गेलेल्या तरुणांवरून आली. विद्यावेतनाविना वॉर्डात उभ्या राहणाऱ्या इंटर्नचे त्यांच्याशी नाते लावायला फार ताण द्यावा लागत नाही. ख्रिस्तिना मॅस्लॅक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये या कल्पनेला मोजपट्टी दिली. तिच्या मूळ नमुन्यात २२ विधाने आहेत. नऊ विधाने भावनिक थकव्याची, पाच समोरच्या माणसाला वस्तूसारखे वागवू लागण्याची आणि आठ आपल्या हातून काही चांगले घडते आहे या जाणिवेची. प्रत्येक विधानाला ‘कधीच नाही’पासून ‘रोज’पर्यंत, म्हणजे शून्य ते सहा असे गुण असतात. ‘सहमत-असहमत’ न विचारता ‘किती वेळा’ असे विचारणे ही या साधनाची मोठी जमेची बाजू आहे, कारण आपण थकलो आहोत हे मान्य करायला लाजणारा विद्यार्थीही ‘आठवड्यातून एकदा’ असे उत्तर सहज देतो.

पुढे या साधनाचे कुटुंब वाढले. विद्यार्थ्यांसाठीचा नमुना २००२ मध्ये शाउफेली आणि सहकाऱ्यांनी स्पेन, पोर्तुगाल व नेदरलँड्समधील विद्यार्थ्यांवर तपासून प्रसिद्ध केला. त्यात १५ विधाने आहेत. आपल्याकडचे प्रकल्प बहुधा ‘विद्यार्थी’ हा शब्द पाहून हाच नमुना उचलतात, आणि माझ्या मते गफलत इथेच होते. विद्यार्थी-नमुन्यात रुग्ण नाही. मूळ नमुन्यातील, समोरच्या माणसाविषयी कोरडेपणा येण्याची पाच विधाने इथे काढून टाकलेली आहेत आणि त्यांच्या जागी अभ्यासाविषयी आस्था उरली आहे का, हे विचारणारी विधाने आली आहेत. दुसऱ्या वर्षाच्या, अजून प्रयोगशाळेत टॅब्लेट पंच करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ते अगदी योग्य आहे. पण इंटर्नचा कस अभ्यासावर लागत नाही, खाटेजवळ लागतो. औषधांची तीच यादी अनेकांना सांगून झाल्यावर पुढच्या रुग्णाकडे जाताना तो ‘बेड नंबर चौदा’ म्हणतो की त्या माणसाच्या नावाने हाक मारतो, हा प्रश्न विद्यार्थी-नमुना विचारतच नाही. ज्या संशोधनाच्या शीर्षकातच समानुभूती आहे, त्यात हे साधन वापरणे म्हणजे जे पाहायचे आहे तेच झाकून ठेवणे होय. इंटर्न आणि क्लार्कशिपचे, म्हणजे वॉर्डात शिकणारे विद्यार्थी यांच्यासाठी वैद्यकीय कर्मचाऱ्यांकरिता केलेला, रुग्णांचा थेट उल्लेख असलेला २२ विधानांचा नमुनाच घ्यावा.

दुसरी तक्रार साधनाविषयी नाही, ते वापरणाऱ्यांविषयी आहे. थकवा, कोरडेपणा आणि चांगले घडत असल्याची जाणीव या तिन्ही उपपट्ट्यांचे गुण एकत्र मिळवून एक आकडा काढू नये, हे या प्रश्नावलीचे प्राथमिक पथ्य आहे. ‘अमुक गुणांच्या वर बर्नआउट, खाली नाही’ अशा जुन्या सीमारेषाही तिच्या चौथ्या आवृत्तीच्या पुस्तिकेतून वगळण्यात आल्या, कारण निदानाच्या दृष्टीने त्यांना आधार नव्हता. तरीही प्रकल्प अहवालांत ‘इतके टक्के विद्यार्थी बर्नआउटग्रस्त’ असा पाय-चार्ट असतोच. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटला कामाशी निगडित घटना म्हटले आहे, आजार म्हटलेले नाही. तेव्हा या प्रश्नावलीच्या आधारे कोणाला रुग्ण ठरवण्याचा अधिकार कोणत्याही मार्गदर्शकाला नाही, मलाही नाही.

किमतीविषयी थोडक्यात सांगायचे तर ही इन्व्हेंटरी अमेरिकेतील माइंड गार्डन ही संस्था विकते, शुल्क डॉलरमध्ये आणि प्रतींच्या संख्येनुसार असते, आणि भाषांतर करायचे असेल तर त्याचीही परवानगी लागते. जुन्या शोधनिबंधाच्या परिशिष्टातून विधाने उतरवून काढून झेरॉक्स वाटणे हा जो सर्रास उपाय दिसतो, तो ज्या मुलांना आपण संशोधनातील नीतिमत्ता शिकवतो त्यांच्याच हातून करवून घेणे मला पटत नाही.

शुल्क परवडत नसेल तर चांगले पर्याय आहेत. डेन्मार्कमधील क्रिस्टेन्सेन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेली कोपनहेगन बर्नआउट इन्व्हेंटरी मोफत आहे. तिच्यात १९ प्रश्न आहेत: सहा एकूण थकव्याविषयी, सात कामातून येणाऱ्या थकव्याविषयी आणि सहा ज्यांच्यासाठी काम करतो त्या माणसांमुळे येणाऱ्या थकव्याविषयी. ही विभागणी मला फार्मसीसाठी फार सोयीची वाटते. काउंटरवरचा मुलगा गिऱ्हाइकांमुळे दमला आहे, की बारा तास उभे राहून दमला आहे, की घरून दोन बस बदलून येण्याने दमला आहे, हे तिच्यातून वेगवेगळे दिसते, आणि तिन्हींवरचे उपाय अगदी वेगळे असतात. ती मॅस्लॅक इन्व्हेंटरीइतकी प्रसिद्ध नसल्यामुळे परीक्षक ‘हीच का घेतली?’ असे विचारतील ही भीती विद्यार्थ्यांना असते; त्याचे उत्तर वरच्या दोन वाक्यांत आहे, ते त्यांनी खुशाल द्यावे.

जेफरसन स्केलचा जन्म फिलाडेल्फियाच्या जेफरसन वैद्यकीय महाविद्यालयात झाला आणि मोहम्मदरझा होजात हे तिचे प्रमुख शिल्पकार. तीत २० विधाने, प्रत्येकी एक ते सात गुण, म्हणजे एकूण २० ते १४० गुणांची व्याप्ती आहे. त्यातली दहा विधाने उलट अर्थाची आहेत, जेणेकरून डोळे मिटून एकाच रकान्यात खुणा करणाऱ्याचे पितळ उघडे पडते. डॉक्टरांसाठी, वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी आणि अन्य आरोग्यशाखांच्या विद्यार्थ्यांसाठी असे तिचे तीन नमुने आहेत. आपल्याला तिसरा हवा. फार्मसीच्या विद्यार्थ्यांवर तो अमेरिकेत वापरून पाहिल्याचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला आहे, त्यामुळे आधार शोधायला लांब जावे लागत नाही. होजात यांची समानुभूतीची व्याख्या भावनेपेक्षा आकलनावर भर देणारी आहे: रुग्णाचा अनुभव समजणे, समजल्याचे त्याला कळू देणे आणि मदत करण्याचा हेतू बाळगणे. रुग्णाबरोबर रडणे तीत अपेक्षित नाही. फार्मासिस्टच्या कामाला ही व्याख्या नेमकी लागू पडते, कारण मधुमेहाच्या रुग्णाला इन्सुलिन पेन हातात घेताना जी भीती वाटते ती ओळखून सुई किती छोटी आहे हे आधी दाखवणे, इतकेच बऱ्याचदा त्या कामात अभिप्रेत असते.

तरीही या स्केलवर माझा पूर्ण विश्वास बसत नाही. रुग्णाच्या भावना समजून घेणे महत्त्वाचे आहे का, अशा धर्तीचा प्रश्न फार्मसीच्या विद्यार्थ्याला विचारला तर योग्य उत्तर कोणते, हे त्याला प्रथम वर्षापासून ठाऊक असते. महाविद्यालयाच्या भिंतीवर फार्मासिस्टची शपथच टांगलेली असते. स्केल विद्यार्थ्याची धारणा मोजते, वर्तन मोजत नाही. शिवाय धारणा क्षणापुरती हलू शकते. अमेरिकेत फार्मसी आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना वार्धक्यातील अडचणींवरचा नाट्यप्रयोग दाखवून, त्यावर चर्चा घडवून हेच स्केल दिले, तेव्हा गुण लगेच वाढले; पण ती वाढ टिकली नाही. आपल्याकडे एक दिवसाची ‘संवाद कौशल्य कार्यशाळा’ घेऊन दुपारच्या चहानंतर फॉर्म भरून घ्यायचे आणि समानुभूती वाढल्याचे प्रमाणपत्र जोडायचे, हा प्रकार पाहिला की मला त्या निष्कर्षाची आठवण होते.

फार्मसी आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना समोर ठेवून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेले, १५ विधानांचे किर्स्मा-चेन स्केल हा आणखी एक पर्याय आहे. ते लहान आहे, आपल्या शाखेसाठी तपासलेले आहे, आणि निव्वळ पदवी प्रकल्पासाठी मी तेच सुचवेन. तुलनेसाठी परदेशी आकडे हवे असतील तर मात्र जेफरसनला पर्याय नाही.

या दोन जातींची साधने एकाच दिवशी, एकामागून एक भरून घेतली जातात आणि मग सहसंबंध काढला जातो. बर्नआउट जास्त, समानुभूती कमी, असे उत्तर येते आणि सर्वांचे समाधान होते. पण मॅस्लॅक इन्व्हेंटरीतील कोरडेपणाची विधाने आणि जेफरसनमधील आपुलकीची विधाने यांत एकच गोष्ट दोन बाजूंनी विचारली जाते, तेव्हा त्यांचे उलटे नाते दिसले नसते तरच आश्चर्य. खरा प्रश्न आधी काय घडते, हा आहे. थकल्यामुळे मुलगी रुग्णापासून मनाने दूर गेली, की रुग्णात जास्त गुंतल्यामुळे ती आधी थकली? मी दोन्ही प्रकारचे विद्यार्थी पाहिले आहेत. कर्करोगाच्या वॉर्डातील पोस्टिंगनंतर सगळ्यात आधी गप्प होतो तो विद्यार्थी पुष्कळदा सुरुवातीला रुग्णांशी सर्वांत जास्त बोलणारा असतो. एकदाच भरलेला फॉर्म हा क्रम सांगू शकत नाही. तोच विद्यार्थी इंटर्नशिपच्या आधी, मध्ये आणि शेवटी तपासला तरच काही कळेल. अमेरिकेतील वैद्यकीय विद्यार्थ्यांची समानुभूती तिसऱ्या वर्षी, म्हणजे रुग्णांशी संबंध सुरू होतो नेमक्या त्याच वेळी घसरते, हा होजात यांचा २००९ चा गाजलेला निष्कर्ष त्याच विद्यार्थ्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यामुळेच हाती आला.

फॉर्म भरून घेण्याची पद्धत हा स्वतंत्र चिंतेचा विषय आहे. एका महाविद्यालयात असे फॉर्म रोल नंबरसह, वर्गात, विभागप्रमुख समोर उभे असताना भरून घेतलेले मला ठाऊक आहेत. सेशनलचे गुण ज्यांच्या हातात, त्यांच्यासमोर ‘मला रुग्णांचे काय होते याची पर्वा उरलेली नाही’ या आशयाच्या विधानापुढे ‘रोज’ अशी खूण कोण करील? नाव वगळले म्हणजे गोपनीयता राखली, असेही नाही. फार्म. डी.ची तुकडी ३० जणांची असते. लिंग, वय आणि सध्याचे पोस्टिंग एवढे तीन रकाने भरले की बालरोग विभागातली ती मुलगी कोण, हे कोणालाही कळते. त्यामुळे पोस्टिंगचा रकाना काढून टाकावा, फॉर्म महाविद्यालयाबाहेरच्या व्यक्तीकडे जमा व्हावेत, आणि पाचपेक्षा कमी जणांच्या गटाचा आकडा कधीही छापू नये, एवढी काळजी तरी घेतली पाहिजे. यांपैकी मॅस्लॅक, कोपनहेगन वा जेफरसन कोणतीही प्रश्नावली आत्महत्येच्या विचारांविषयी विचारत नाही, हेही लक्षात ठेवावे. फॉर्मच्या तळाशी केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक छापायला खर्च येत नाही; ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते.

एवढे सगळे सांगितल्यावर विकत काय घ्यावे, याविषयीचे माझे मत बऱ्याच सहकाऱ्यांना विचित्र वाटेल. महाविद्यालयाकडे एकाच साधनापुरते पैसे असतील, तर समानुभूतीचे स्केल घेऊ नये. मॅस्लॅक आणि मायकेल लायटर यांनीच तयार केलेले एरियाज ऑफ वर्कलाइफ सर्व्हे नावाचे साधन आहे, ते घ्यावे. ते विद्यार्थ्याऐवजी कामाच्या जागेला सहा बाबींवर तपासते: कामाचा भार, कामावरचे नियंत्रण, मोबदला व कौतुक, सहकाऱ्यांशी नाते, न्याय्य वागणूक आणि मूल्यांचा मेळ. दमलेल्या मुलांना ध्यानधारणेचे वर्ग लावून देणे महाविद्यालयाला सोपे जाते, कारण त्यात बदलायचे ते मुलांनी. या सहा बाबींतील उत्तरे मात्र पोस्टिंगवर मार्गदर्शन करणाऱ्या प्रिसेप्टरकडे, रुग्णालयाशी केलेल्या कराराकडे, विद्यावेतनाकडे आणि राऊंडमध्ये इंटर्नच्या सूचनेची नोंद केस शीटवर होते की नाही याकडे बोट दाखवतात. ज्या रुग्णालयात नियंत्रण आणि न्याय्य वागणूक या दोन बाबी सतत खाली येतात, तिथे पुढची तुकडी पाठवायची का, हा निर्णय महाविद्यालयाला कागदासह घेता येतो. आपण ज्याला विद्यार्थ्याची आटलेली समानुभूती म्हणतो ती अनेकदा पोस्टिंगच्या जागेची कमतरता असते, आणि ती विद्यार्थ्याच्या नावावर टाकणारी प्रश्नावली कितीही काटेकोर असली तरी आपल्या उपयोगाची नाही.

या साधनाची एक मर्यादा अशी की ते नोकरीत स्थिरावलेल्यांसाठी केलेले आहे; ‘मोबदला’ या बाबीतील विधाने विद्यावेतन न मिळणाऱ्या इंटर्नला टोचतात, काहींना त्यांचे हसूही येते. तरी ती गाळू नयेत. ते टोचणेसुद्धा उत्तरातच येते. डी. फार्म.च्या ५०० तासांसाठी मात्र ते जड पडेल. तिथे कोपनहेगन प्रश्नावली पुरे, आणि तीही मेडिकलच्या मालकाच्या मार्फत न देता तास पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र हाती पडल्यानंतर द्यावी. फार्म. डी.साठी पहिली फेरी इंटर्नशिप सुरू होण्याच्या आठवड्यात, दुसरी जनरल मेडिसिनचे सहा महिने संपताना आणि तिसरी शेवटच्या पोस्टिंगच्या अखेरीस घ्यावी. परीक्षा, सबमिशन आणि व्हायवाचे पंधरवडे या तिन्ही वेळी टाळावेत. त्या दिवसांत कोणत्याही महाविद्यालयातील कोणताही विद्यार्थी थकलेलाच सापडेल.